‘अपेक्षाच नव्हती’ म्हणून आवडला, की २०१७ चा ‘जुमांजी’ खरोखरच चांगला आहे?

शेवटची_रांग (प्रश्न)

नमस्कार.

गेल्या रविवारी घरच्यांसोबत ‘जुमांजी : वेलकम टू द जंगल’ पाहिला आणि तेव्हापासून एक शंका मनातून जात नाही, म्हणून येथे विचारतो आहे. चित्रपट माझ्या बारा वर्षांच्या मुलीने निवडला होता. माझे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तर मी नकोच म्हटले असते आणि त्यासाठी कारणेही माझ्याजवळ तयार होती. १९९५ चा ‘जुमांजी’ मी शाळेत असताना पाहिला होता. त्यातले रॉबिन विल्यम्स, घराची भिंत फोडून धावत सुटलेली जनावरे आणि त्या पटातून येणारा ढोलांचा आवाज हे सारे मनात इतके पक्के बसले आहे की, बावीस वर्षांनी त्या नावाला कोणी हात लावला हेच मला रुचले नव्हते. त्यातून, फासे टाकून खेळायच्या पटाचा या मंडळींनी व्हिडिओ गेम केलेला. जुन्या नावावर नवी तिकिटे खपवण्याचा हा उद्योग आहे असे मनाशी ठरवून मी फोन हातात घेऊनच बसलो.

अर्ध्या तासाने तो फोन कुठे ठेवला हे मला आठवेना. शाळेच्या तळघरात शिक्षा म्हणून आवराआवर करणारी चार मुले एका जुन्या गेममध्ये खेचली जातात आणि ज्याने जे पात्र निवडले त्याचे शरीर त्याला मिळते, एवढे होईपर्यंत मी तटस्थ होतो. केविन हार्ट यांच्या पात्राच्या दुबळ्या बाजूंच्या यादीत ‘केक’ असा शब्द पडद्यावर येतो, तोही विनोद त्या वेळी मला फुटकळ वाटला होता. पुढे बाजारात तो माणूस काहीतरी तोंडात टाकतो, आपण केक खाल्ला हे त्याला उशिरा कळते, सगळे त्याच्याकडे डोळे लावून उभे राहतात आणि तो चक्क फुटतो. मग आभाळातून पुन्हा धपकन खाली पडतो. माझ्या आईने आयुष्यात कधी गेमचे बटण दाबलेले नाही. ती इतकी हसली की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले, आणि हसू ओसरल्यावर तिचे पहिले वाक्य होते, “गेली बघ त्याची एक रेघ.” (त्या चित्रपटात प्रत्येकाला तीन जीव असतात आणि तेवढ्या रेघा त्याच्या हातावर गोंदलेल्या असतात.)

मला तो चित्रपट मनापासून आवडला. मात्र मी काहीच मागितले नव्हते म्हणून जे मिळाले ते पुष्कळ वाटले, की तो खरोखरच चांगला बांधलेला आहे, हे मला सांगता येत नाही. हलक्याफुलक्या, घरच्यांनी एकत्र पाहण्याच्या अद्भुतरम्य विनोदी चित्रपटांच्या बाबतीत हे ठरवण्याची काही रीत आहे का? जाणकारांनी सांगावे.

मोजमाप

तुमची शंका रास्त आहे, परंतु ती केवळ मनोव्यापाराची नसून थोडीफार तपासून पाहता येण्याजोगी आहे असे मला वाटते.

हा चित्रपट अमेरिकेत २० डिसेंबर २०१७ रोजी, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला नवा चित्रपट लागल्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी प्रदर्शित झाला आणि पहिल्या शनिवार-रविवारी साहजिकच त्याच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर राहिला. येथवर काहीच नवल नाही. नवल पुढे आहे. असे चित्रपट पहिल्या आठवड्यात जेवढे चालायचे तेवढे चालतात आणि मग उतरणीला लागतात; हा मात्र जानेवारीत, आपल्या तिसऱ्या शनिवार-रविवारी, तिथल्या कमाईच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि जगभरात त्याने एकूण ९५ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला.

आता हे आकडे मी कौतुकासाठी देत नाही, कारण गल्ला मोठा म्हणजे चित्रपट चांगला असे कोणी म्हणू लागला तर मी त्याच्याशी भांडेन. माझा मुद्दा प्रेक्षक कोणत्या मनःस्थितीत आला याविषयीचा आहे. पहिल्या दिवशी आलेला माणूस कदाचित तुमच्यासारखाच आठ्या घालून आला असेल आणि म्हणून सुखावला असेल. तिसऱ्या आठवड्यात येणारा माणूस तसा नसतो. त्याला शेजाऱ्याने, सहकाऱ्याने किंवा भाच्याने “अरे, चांगला आहे” असे सांगून धाडलेले असते, म्हणजे तो वाढलेली अपेक्षा घेऊन आलेला असतो. तोही खूश होऊन बाहेर पडला आणि त्याने आणखी दोघांना पाठवले, तर केवळ कमी अपेक्षेने या चित्रपटाला तारले असे म्हणता येत नाही.

याच्या उलट बाजूचा पुरावाही घरातच आहे. २०१९ मध्ये ‘द नेक्स्ट लेव्हल’ हा पुढचा भाग आला. दिग्दर्शक तेच जेक कॅसडन आणि मुख्य चौघे नटही तेच. शिवाय या वेळी दोन म्हातारे त्या शरीरांमध्ये शिरतात अशी चांगली कल्पना होती. मला तो पाहताना मजा आली, तरी पहिल्याइतकी आली नाही, आणि त्यातला काही भाग तरी मी या वेळी हातात फोन न घेता, हसण्याच्या तयारीने बसलो होतो याचा असणार. म्हणजे कमी अपेक्षेचा फायदा असतोच. माझ्या अंदाजाने तो पहिल्या अर्ध्या तासापुरता पुरतो आणि नंतरचे चित्रपटाला स्वतः कमवावे लागते.

पटकथेचा_विद्यार्थी

प्रश्नातले सर्वांत मोलाचे वाक्य प्रश्नकर्त्यांच्या आईंचे आहे आणि त्याच्यावरून कोणी पुढे बोलले नाही, म्हणून मी लिहितो.

अद्भुतकथेत लेखक प्रेक्षकाकडे एक अशक्य गोष्ट उसनी मागतो. मुले गेममध्ये शिरली, मान्य करा. माणूस अदृश्य होतो, मान्य करा. प्रेक्षक उदार असतो आणि ती मागणी तो बिनतक्रार पुरवतो, पण त्यानंतर लेखकाने काटेकोर राहिले पाहिजे अशी त्याची न बोललेली अट असते. आपल्याकडच्या १९८७ च्या ‘मिस्टर इंडिया’चेच पाहा. नायक अदृश्य होतो, पण लाल प्रकाशात दिसतो. हा नियम इतका सोपा आहे की सहा वर्षांचे मूलही तो लक्षात ठेवते, आणि नियम ठाऊक असल्यामुळेच लाल उजेड दिसला की त्याच्या पोटात गोळा येतो. अदृश्य माणसाला कशाचीच भीती नसती, तर ती कथा तिथेच संपली असती.

‘जुमांजी’त हाच हिशेब रेघांनी मांडला आहे. तीन जीव, तीन रेघा. मेलात तर एक रेघ पुसली जाते आणि तुम्ही वरून खाली पडता. तिन्ही गेल्या तर काय होईल हे नक्की कोणालाच ठाऊक नाही, पण ते आजमावायची कोणाची छाती होत नाही. गेमशी काडीचा संबंध नसलेली एक आजी जर रेघा मोजू लागली असेल, तर लेखकांनी आपले अर्धे काम तिथेच फत्ते केले. प्रत्येक पात्राच्या जमेच्या आणि दुबळ्या बाजूंची यादी सुरुवातीलाच दाखवली जाते. ती आपल्याला विनोद म्हणून दिलेली असते आणि पुढे तीच यादी एकेक करून वसूल केली जाते. केकचा प्रसंग ही त्यातली सर्वांत सोपी वसुली आहे. शेवटाकडे विषाच्या बाबतीत मार्था (कॅरन गिलन यांच्या शरीरात आलेली मुलगी; विष ही त्या पात्राची दुबळी बाजू) जे करते ती सर्वांत हुशार वसुली म्हणावी लागेल, कारण ज्या गोष्टीने आपण मरतो तीच गोष्ट ती हत्यार म्हणून वापरते आणि एक जीव जाणूनबुजून खर्ची घालते. हे आपल्याला तर्काने पटते. कोणी मंत्र म्हटला आणि संकट टळले, असे तिथे घडत नाही.

एक चलाखी मात्र मान्य केली पाहिजे. गेमच्या चौकटीमुळे लेखकांना आपल्या उणिवा झाकायला आयती जागा मिळाली आहे. एखादे दुय्यम पात्र पोकळ वाटले तरी ते गेममधले पात्र असल्यामुळे तेवढेच बोलणार, असे उत्तर तयार असते. नायजेल नावाचा तो वाटाड्या काहीही विचारले तरी ठरलेलीच वाक्ये पुन्हा म्हणतो आणि त्यावर आपण हसतो. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात असले पात्र आळशी लेखनाचा नमुना ठरले असते. मला हे आवडले, पण आपण फसवले जात आहोत याची जाणीव ठेवून आवडले.

नेपथ्य

पटकथेविषयी वर जे म्हटले आहे ते मला मान्य आहे, तरी नियम कितीही चोख असले तरी पडद्यावरच्या माणसांनी ते गंभीरपणे घेतले नाहीत तर सगळे ओंफस होते. तेव्हा थोडे अभिनयाविषयी.

परकायाप्रवेश ही आपल्याला नवी गोष्ट नाही. ‘भगवदज्जुकीयम्’ या संस्कृत प्रहसनात यमदूत चुकीच्या बाईचा जीव घेऊन जातो, एक योगी त्या मृत गणिकेच्या शरीरात शिरतो, आणि चूक उमगून परत आलेला यमदूत तिचा जीव योग्याच्या रिकाम्या शरीरात घालून मोकळा होतो. मग गणिका वैराग्याचे धडे देते आणि संन्यासी लाडात येऊन बोलू लागतो. इंग्रजीतही एफ. ॲन्स्टी यांच्या १८८२ च्या ‘व्हाइस व्हर्सा’ या कादंबरीत बाप आणि शाळकरी मुलगा यांची शरीरे बदलतात. शेकडो वर्षे ही युक्ती चालत आली आहे, कारण तिच्यात नटाला एकाच वेळी दोन माणसे दाखवायला मिळतात आणि प्रेक्षकाला दोघांतली फट दिसत राहते.

त्या फटीत जॅक ब्लॅक यांनी जे केले आहे ते पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहावे. फोनशिवाय क्षणभरही न राहणारी, स्वतःच्या दिसण्यावर खूश असलेली शाळकरी मुलगी बेथनी ही पोट सुटलेल्या मध्यमवयीन प्राध्यापकाच्या शरीरात येते. येथे दहातले नऊ नट आवाज बारीक करून, हात उडवून नक्कल करतील. ब्लॅक नक्कल करत नाहीत. ते त्या मुलीचा वैताग, तिचे दुखावले जाणे आणि पुढे दुसऱ्या कोणाची तरी काळजी करू लागल्यावर तिचे हळूहळू शांत होत जाणे इतक्या सरळपणे दाखवतात की, काही वेळाने आपण प्राध्यापकाकडे पाहत असतो आणि मुलीचीच काळजी करत असतो. ड्वेन जॉन्सन यांचेही तसेच. एवढा धिप्पाड माणूस, ज्याच्या दुबळ्या बाजूंच्या रकान्यात काहीच लिहिलेले नाही, तो आतून भित्रा पोरगा आहे हे ते मुख्यतः डोळ्यांनी सांगतात. स्वतःच्या दंडांकडे ते ज्या अविश्वासाने बघतात, त्या नजरेत त्यांनी स्वतःच्याच पडद्यावरच्या प्रतिमेची मजेत टर उडवली आहे.

हे नट ‘मुलांचा चित्रपट आहे, चालून जाईल’ अशा वृत्तीने वावरले असते तर पहिल्या दहा मिनिटांत ते कळले असते. मुलांना तर सर्वांत आधी कळते.

जुना_पट

येथे सगळे एकाच सुरात बोलू लागले आहेत म्हणून थोडा विरोध नोंदवतो.

१९९५ च्या चित्रपटात एक भीती होती, ती या चित्रपटात नाही. ॲलन पॅरिश (मोठेपणी रॉबिन विल्यम्स) १९६९ मध्ये लहान मुलगा असताना त्या खेळात ओढला जातो आणि सव्वीस वर्षांनी दाढी वाढलेला माणूस होऊन परततो, तेव्हा त्याचे आईवडील गेलेले असतात. त्याचा पाठलाग करणारा शिकारी आणि त्याचे कडक शिस्तीचे वडील या दोन्ही भूमिका जोनाथन हाइड यांनीच केल्या आहेत. यावर चित्रपट एक शब्दही बोलत नाही, पण मुलगा नेमका कोणापासून पळतो आहे हे पाहणाऱ्याला कळते. नव्या चित्रपटात त्याच शिकाऱ्याच्या नावाचा खलनायक आहे आणि त्याच्या अंगाखांद्यावर किडे फिरतात. बस, एवढेच. त्याचा कोणाशीही काही संबंध नाही. ‘गेममधले पात्र आहे’ हे उत्तर मला येथे पुरेसे वाटत नाही.

दुसरे, हा चित्रपट कुटुंबाने एकत्र पाहण्याचा आहे असे आपण गृहीत धरतो, पण मुलीला पुरुषाचे शरीर मिळाले यावरचे विनोद गरजेपेक्षा जास्त लांबवले आहेत. तेरा वर्षांखालील मुलांच्या पालकांना सावध करणारे प्रमाणपत्र त्याला अमेरिकेत मिळाले ते उगाच नव्हे. कॅरन गिलन यांच्या तोकड्या कपड्यांचे पहिले छायाचित्र २०१६ मध्ये बाहेर आले तेव्हाच टीका झाली होती, आणि आपल्या अपेक्षा खाली जाण्यात त्या छायाचित्राचाही वाटा होता. जंगलात असे कपडे कोण घालतो असे ते पात्र स्वतःच चित्रपटात विचारते. प्रश्न बरोबर आहे, पण प्रश्न विचारून झाल्यावरही कपडे तेच राहतात.

चित्रपट वाईट आहे असे मी म्हणत नाही. एकदा पाहिला, हसलो. पण मूळ चित्रपट पाहून रात्री झोप लागली नव्हती.

भाच्यांची_मावशी

चर्चा वाचून चित्रपट पाहावासा वाटू लागला आहे. एक साधी शंका : सात वर्षांच्या भाच्याला सोबत घेऊन पाहता येईल का? तो झुरळाला घाबरतो.

शेवटची_रांग

सर्वांचे आभार. उत्तरे वाचून मी काल तो चित्रपट पुन्हा पाहिला, या वेळी एकट्याने आणि चांगल्या अपेक्षेने, म्हणजे ‘मोजमाप’ यांच्या हिशेबाने मी तिसऱ्या आठवड्यातला प्रेक्षक होतो.

काही भाग दुसऱ्यांदा फिके पडले. मोटारसायकलींचा पाठलाग मला लांबलेला वाटला, आणि खलनायकाविषयी ‘जुना_पट’ यांचे म्हणणे पूर्णपणे पटले. तो पडद्यावर आला की मी पुढे काय होणार याची वाट पाहत होतो, त्याच्याकडे पाहत नव्हतो. केकचा प्रसंग मात्र आधी ठाऊक असूनही तितकाच हसवून गेला. उलट ठाऊक असल्यामुळे मी त्या यादीपासूनच हसायला सुरुवात केली होती.

माझ्या दृष्टीने खरी कसोटी दुसऱ्याच प्रसंगाची होती. त्या गेममध्ये यांच्याआधी अडकलेला ॲलेक्स नावाचा एक मुलगा भेटतो. तो १९९६ मध्ये आत आला आणि आपण काही महिनेच येथे आहोत असे त्याला वाटत असते. बाहेर वीस वर्षे उलटली आहेत हे त्याला या मुलांच्या बोलण्यातून कळते. तो ज्या झोपडीत राहतो तिच्यावर ॲलन पॅरिशचे नाव कोरलेले आहे. पहिल्या वेळी मला तो जुन्या चित्रपटाला केलेला नमस्कार वाटला होता आणि रॉबिन विल्यम्स यांच्या आठवणीने मी तेवढ्यावरच थांबलो होतो. या वेळी लक्षात आले की ‘जुना_पट’ यांना ज्या भीतीची उणीव भासते, ती लेखकांनी या एका मुलाच्या वाट्याला दिली आहे, फक्त फार थोडा वेळ. पुढे डास चावून ॲलेक्सचा शेवटचा जीव जाऊ लागतो आणि बेथनी आपला एक जीव त्याला देते. तिच्या हातावरची रेघ नाहीशी होते आणि त्याच्या हातावर उमटते. संवाद जवळपास नाहीत. रविवारी या ठिकाणी माझी आई पुढे वाकून बसली होती आणि “तिची कमी झाली ना आता?” असे तिने हळूच विचारले होते. तेव्हा मी नुसते “हो” म्हटले होते. काल एकटा होतो तरी त्या जागी मी मोजलेच.

तेव्हा माझ्यापुरते उत्तर मिळाले आहे. खलनायक आणि शरीरावरचे लांबलेले विनोद यांचे गुण मी कापतो; बाकीचे चित्रपटाचे स्वतःचे आहेत.

मावशी, भाच्याविषयी : खलनायकाच्या अंगातून गोम आणि किडे निघतात, आणि एक पाणघोडा अचानक एकाला गिळतो. झुरळाला घाबरणाऱ्या मुलासाठी मी आणखी दोन-तीन वर्षे थांबेन. १९९५ चा चित्रपट त्याऐवजी दाखवावा असे मनात आले असेल तर तोही आत्ताच नको, त्यातला कोळ्यांचा प्रसंग याहून वाईट आहे.